रमतगमत सूड

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
आजपासून सूड. दिवाळी झाली, फराळ संपला, आता पुढे ढकलायला कारण उरलं नाही.

शमिकाने व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं. शमिका नर्स आहे आणि माझी हितचिंतक आहे, असं ती समजते. पोस्टरवर लिहिलंय: ‘रमतगमत. क्वीअर मंडळींची रविवारची भटकंती. आयुष्यात कधी डोंगर चढला नसलात तरी या. कोणी मागे राहणार नाही.’ खाली नाव, यज्ञेश.

‘कोणी मागे राहणार नाही’ हे यज्ञेशने लिहावं. बोक्याने दुधाची राखण जाहीर करावी तसं झालं. याच इसमाने तीन वर्षांपूर्वी मला रत्नदुर्गाच्या चढावर मागे टाकलं. मी बाणेदारपणे तिथूनच परतलो आणि आमची इतक्या वर्षांची सोबत त्या चढावर संपली. तेव्हापासून या गावात आम्ही एकमेकांना दिसलो की दोघांनाही अचानक समोरच्या दुकानातलं काहीतरी घ्यायचं असतं.

योजना: ग्रुपात शिरायचं. त्याच्याच माणसांदेखत त्याच्या पुढे चालायचं. वर पोचून घड्याळ बघत उभं राहायचं. तो धापा टाकत आला की सगळ्यांसमोर श्लोक म्हणायचा. पूर्वार्ध तयार आहे:

त्यक्त्वा मां यः पुरो याति स पश्चात् पतति ध्रुवम् ।

मला टाकून जो पुढे जातो, तो पुढे कधीतरी मागे पडतोच. उत्तरार्ध शनिवारपर्यंत होईल. उभी हयात संस्कृत शिकवण्यात गेली. अनुष्टुभाला मी भीत नाही.

६ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे मांडवीच्या किनाऱ्यावर चालायला जाणार. स्टॅमिना.

७ नोव्हेंबर
अलार्म वेळेवर वाजला. सुरुवात चांगली झाली. उठणं उद्यापासून.

८ नोव्हेंबर
शूज आणले. घरात घालून बघितले. चावतात. चालण्याआधी शूजना माणसाची सवय व्हावी लागते, तेव्हा संध्याकाळभर घालून बसलो.

९ नोव्हेंबर, शनिवार
आप्पांनी विचारलं, घरात बूट कशास? वडिलांशी खोटं बोलत नाही म्हणून म्हटलं, ग्रुपबरोबर फिरायला चाललोय. कसला ग्रुप? म्हटलं, आमच्यासारख्यांचा. आप्पा ऐंशीच्या पुढे गेलेत. त्यांना जे कळायचं ते कधीच कळलंय, त्यामुळे त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. एवढंच म्हणाले, यज्ञेश असेल ना त्यात? त्याला सांग, पोह्याचे पापड संपून युगं लोटली.

यज्ञेशची आई दर वर्षी डबाभर पापड पाठवायची. मी आठवण करून दिली की आपण त्याच्याशी बोलत नाही. आप्पा म्हणाले, तू भांडलायस. मी नाही.

उत्तरार्ध अडला.

१० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी
विजय. इतक्या लवकर अपेक्षित नव्हता.

भाट्याच्या वाळूत सगळे गोल उभे. नाव सांगायचं आणि आज आपलं शरीर काय म्हणतंय ते सांगायचं. एक जण म्हणाला, झोप झाली नाही. एक बाई म्हणाल्या, पहिल्यांदाच आलेय, घाबरलेय. मी म्हटलं, उत्तम. शमिका माझ्या शूजकडे बघत होती. मग यज्ञेश काही सूचना देत होता. तेवढ्या वेळात मी शेजारच्या संदेशचे दोन उच्चार सुधारले. संदेश इंजिनिअर आहे, धावण्याच्या स्पर्धांना जातो, पण ‘ज्ञ’ भयंकर.

थोडं अंतर सगळे आपापल्या चालीने चालले. अंदाज घेण्यासाठी, म्हणे. यज्ञेश प्रत्येकाकडे नीट बघत होता. मग माझ्यापाशी आला. तीन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. म्हणाला, विनीत, तू पुढे चालशील का?

क्षणभर मलाच खरं वाटेना. पण नेतृत्व लपत नाही. त्याला माझ्याशी डोळे भिडवता येत नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

मी पुढे, अख्खा ग्रुप मागे. एकानेही मला ओलांडलं नाही. सुरूच्या बनाबद्दल सांगायला थांबलो, तर सगळे थांबले. खेकड्याच्या बिळाबद्दल सांगायला थांबलो, तर थांबले. शूजमधली वाळू काढायला थांबलो, तेव्हाही थांबले. संदेशसारखा घोडा हात पाठीमागे बांधून माझ्या चालीने चालत होता. एवढी शिस्त मला बत्तीस मुलांच्या वर्गातही कधी मिळाली नाही.

आणि यज्ञेश? सगळ्यांच्या शेवटी. दोन्ही खांद्यांना दुसऱ्यांच्या पिशव्या. स पश्चात्. श्लोक अर्धाच झालाय आणि फळाला आलाय.

सपाट वाळूवर म्हणण्यात मजा नाही म्हणून म्हटला नाही. उंची हवी.

११ नोव्हेंबर
पोटऱ्या. आप्पांनी तेलाची बाटली न विचारता पुढे सरकवली. विचारलं, पापडांचं काय म्हणाला? मी सांगितलं, तो विषय अजेंड्यावर नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार. गावातून पाखाडीने वर जायचं. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, आणि पूर्वीच्या लोकांचे पाय आपल्यापेक्षा लांब होते एवढंच म्हणतो.

पुन्हा मलाच पुढे केलं. एकमताने. शमिका दर वळणावर येऊन विचारत होती, सर, थांबूया का? प्रत्येक निर्णय नेत्याला विचारूनच घ्यायचा, हा संकेत मला आवडला. मीही उदारपणे दर वेळी परवानगी दिली.

वर अख्खा कातळ, त्यावर कोरलेली जुनी चित्रं, वारा. प्रसंग सूडाला अत्यंत योग्य. मी ग्रुपकडे वळलो, हात उंचावला, तोंड उघडलं. त्यातून श्वास सोडून काही बाहेर येईना. यज्ञेश गर्दीतून पुढे आला, बाटली हातात दिली, आणि म्हणाला, आधी पाणी. घाई नाही. मी प्यायलो. शत्रूचं पाणी पिण्याला शास्त्रात काय म्हटलंय ते बघायला हवं.

तो आवाज तसाच आहे. हे विषयांतर झालं.

२० नोव्हेंबर
मतदान करून आलो. तिकडे जो निवडून यायचा तो येवो, इकडे माझी निवड बिनविरोध आहे.

पदाला शोभेल अशी एक टोपी आणि शिट्टी आणली. ग्रुपवर मेसेज टाकला: ‘१ डिसेंबर, रत्नदुर्ग. आघाडीची शिट्टी झाल्याशिवाय कोणी हलू नये. माथ्यावर मी काही म्हणणार आहे.’ सगळ्यांचे अंगठे आले. संदेशने हसू आवरणारा चेहरा टाकला. त्याला चिन्हांचा अर्थही शिकवावा लागणार.

३० नोव्हेंबर, शनिवार
उद्या रत्नदुर्ग. तोच चढ. जिथे ठेच लागली तिथेच दगड फोडायचा.

उत्तरार्ध अजून नाही. पूर्वार्ध आप्पांना म्हणून दाखवला. आप्पा माझ्यापेक्षा कडक संस्कृत शिकलेले. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, वृत्त बरोबर आहे. यातला ‘माम्’ कोण, तूच ना? म्हटलं, हो. म्हणाले, मग एक सांग, तो पुढे गेला हे श्लोकात आहे. तू हाक मारलीस का, ते कुठाय?

वयाप्रमाणे काव्याची जाण कमी होत जाते.

१ डिसेंबर, रविवार, पहाटे
श्लोक पाठ. शिट्टी घेतली. टोपी घेतली. अर्ध्या श्लोकानेही माणूस घायाळ होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घडलं ते क्रमाने लिहितो.

आज एक नवीन बाई आल्या, हेमाताई. निवृत्त शिक्षिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. गोलात उभ्या राहून म्हणाल्या, माझ्या घरी माझी मैत्रीण राहायची, तीस वर्षं. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, चांगली शेजारीण होती हो. आज पहिल्यांदा सांगते, शेजारीण नव्हती. शमिकाने त्यांची पाण्याची बाटली आपल्या सॅकमध्ये घातली.

मी टोपी सारखी केली, शिट्टी तोंडात धरली आणि पुढे झालो. यज्ञेश म्हणाला, हेमाताई, तुम्ही पुढे.

मला वाटलं पाहुण्यांचा मान. एक पाऊल बाजूला झालो आणि मग त्यांच्याही पुढे उभा राहिलो. शमिका कानाशी आली आणि म्हणाली, सर, आज तुम्ही दुसरे. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? म्हणाली, नियमच आहे ना. जो सगळ्यात हळू चालतो तो पुढे. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं, ओलांडायचं नाही. मग मागे राहायला कोणी उरतच नाही.

मी विचारलं, हे मला कोणी सांगितलं कसं नाही? म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं की. तुम्ही तेव्हा संदेशचा ‘ज्ञ’ दुरुस्त करत होतात.

संदेश मागून म्हणाला, आता बरा येतो सर.

मी शिट्टी खिशात घातली. मग योजना बदलली. हळू चालणं हाच निकष असेल तर त्यातही मी कोणाला हार जाणार नाही. दुसऱ्या नंबरावरून चाल मंदावली. पायरीवर थांबलो, शूजची नाडी बांधली, सोडली, बांधली. मागे रांग तुंबली. हेमाताई काठीवर वळून म्हणाल्या, सर दमलेत वाटतं, बसूया. सगळे बसले. शमिका म्हणाली, सर, तुम्हाला मुद्दाम हळू चालायची गरज नाही. तुमचं नेहमीचं पुरतं.

बसलो ते नेमके त्याच वळणावर, जिथून तीन वर्षांपूर्वी मी परतलो होतो. हेमाताईंनी यज्ञेशला विचारलं, हा नियम कोणाच्या डोक्यातून आला हो? छान आहे.

तो शेवटच्या पायरीवर होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, इथेच सुचला. माझ्याबरोबर एक जण असायचा. मला वाटायचं, मी भरभर चाललो की तोही चालेल. एकदा असाच पुढे गेलो. वर जाऊन वळून बघितलं तर वाट रिकामी. तो रिक्षा करून घरी गेला होता. मग त्याने फोन उचलला नाही. मग मीही लावला नाही.

हेमाताई म्हणाल्या, अरेरे. मग आता कुठे असतो तो?

यज्ञेश म्हणाला, येतो हल्ली. पुढे असतो.

हेमाताईंनी विचारलं, त्याला माहितेय का हे? शमिकाला खोकला आला.

माथ्यावर पोचलो. समोर समुद्र, सगळे गोल करून उभे. हेमाताईंच्या चालीने आल्यामुळे श्वास शाबूत होता, ही एक अडचणच झाली. संदेशने आठवण करून दिली, सर, तुम्ही काही म्हणणार होतात. मी सुरुवात केली. त्यक्त्वा मां यः पुरो याति. समोर यज्ञेश, खांद्याला पिशव्या. त्यातली एक माझी. ती त्याच्याकडे कधी गेली ते मला कळलंच नव्हतं.

पुढचा चरण म्हटला नाही. हेमाताईंनी विचारलं, हे काय आहे सर? म्हटलं, किल्ल्यावरच्या भगवतीचं स्तोत्र. सगळ्यांनी हात जोडले.

यज्ञेशनेही जोडले. त्याला संस्कृत समजतं. मीच शिकवलं होतं.

२ डिसेंबर
शिट्टी आप्पांना दिली. आतल्या खोलीतून मला हाक मारायला उपयोगी आहे.

८ डिसेंबर, रविवार
हेमाताई सावर्ड्याला बहिणीकडे गेल्यात. मी पुढे. कोणाला काही सांगायला फारसा थांबलो नाही. एकदा वळून बघितलं, तर तो शेवटी होता. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हाही होता. म्हटलं, येतोयस ना? म्हणाला, येतोय. संभाषण एवढंच, आणि ते ग्रुपच्या सुरक्षिततेसाठी होतं.

निघताना त्याने एक पुडकं दिलं. आप्पांना, म्हणाला. सूड घ्यायला गेलेला माणूस परतताना पोह्याचे पापड सांभाळत आला, मोडू नयेत म्हणून रिक्षावाल्याला हळू चालव म्हणत.

आप्पांनी लगेच भाजले. मी हात पुढे केला. म्हणाले, तू भांडलायस. मी नाही. मग जरा वेळाने एक माझ्याकडे सरकवला.

तत्त्वाचा प्रश्न होता. अर्धाच खाल्ला.