चावलेल्या हाताची साक्ष

मी, केस कापायच्या दुकानाची मालकीण, डोकं जागेवर ठेवून, कुणाच्या धाकाने नाही की लाडीगोडीने नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवतेय. याआधी असं काही लिहिलेलं नाही. दादा तसं म्हणाला तर खुशाल थापा मारतोय समजावं.

कलम एक. वरचं घर, खालचं दुकान आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीची. कायद्याने दत्तक घेतलेली. कागद कपाटात आहेत. दादा, ती आपल्या रक्ताची नाही हे मला माहीत आहे. तिला घरी आणणारी मीच.

आली तेव्हा तीन वर्षांची होती. डोकं मागून फळीसारखं सपाट. हात फिरवताच कळलं, हिला नुसतं निजवून ठेवलंय. त्या संस्थेत बाळं पुष्कळ, हात कमी. दुधाची बाटली दुपट्याच्या घडीला टेकवून तोंडात द्यायचे. पडली तरी पोर रडायची नाही. रडलं की कुणी येतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि जायची कुणाकडेही. गॅसवाल्याच्या मांडीवर, गिऱ्हाइकाचं बोट धरून थेट रस्त्यावर. वहिनी खूश, "किती माणसाळलेली गं!" मी मात्र धावत जाऊन तिला परत आणायची. हिला सगळेच सारखे, तर मी कोण?

कलम दोन. हॉलमधला सोफा दादाला. त्यावरच बसून तो म्हणाला होता, "अगं, जिला पहिल्यापासून आई नाही, तिला माया फुटतच नाही. परत देऊन टाक." सोफा न्यावा, वाक्यासकट.

मी दिली नाही. पाठीशी ओढणीने बांधली आणि कात्री चालवली. "एवढी घोडी झाली, उतरव की आता," असे टोमणे खाल्ले. बाटलीसुद्धा पुन्हा सुरू केली, मांडीवर घेऊन. ती छताकडे बघायची. मग कधीतरी माझ्या नाकाकडे.

कलम तीन. समोरच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंचे केस जन्मभर फुकट कापावेत. कारण असं, की एका दुपारी त्यांनी नेहमीसारखं पोरीला उचललं, "चल, गोळी आणू." आणि पोर किंचाळली, "सोड! मला माझी आई हवी!" बाईंच्या मनगटाला कडकडून चावली, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली आणि दुकान डोक्यावर घेतलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी आरशात बघत राहिलं. मास्तरीणबाई रक्त पुसत मला म्हणाल्या, "रडतेस काय, वेडे? जिंकलीस की!"

तेव्हापासून लेक माझ्याशी मनसोक्त भांडते. दारं आपटते. आपट गं, दारं आता तुझीच आहेत. इतकी वर्षं मी तिचे केस मागून भरदार ठेवले. परवा खुर्चीत बसून म्हणाली, "मागून बारीक कर. सपाट तर सपाट, दिसू दे." मी मशीन फिरवलं. काय ऐटीत गेली!

दुरुस्ती. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याला साक्षीला घेऊ नये. मास्तरीणबाई उसळल्या, "मग माझं कलम खोडा! वाढले केस तर वाढू देत. सही मीच करणार." म्हणून कलम तीनमधली सवलत रद्द. कारण मात्र खोडू नये.

ठिकाण: दुकान, मधली खुर्ची.
दिवस: सोमवार, सुट्टीचा.

सही: आई

साक्षीदार: गॅसवाला. (माझ्याकडे ती चावली त्या दिवसानंतर परत आली नाही. बरं वाटलं.)

साक्षीदार: मास्तरीणबाई, उजव्या हाताने. मनगटावर दातांचा व्रण आहे. दादाला शंका आल्यास येऊन बघावा.