शेवटच्या घराच्या हाती पाइप

१६ मे २०२४

प्रिय आई,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी घळीत जाळं पडलं. घळ म्हणजे बेटाच्या दक्षिणेला खडकांआड असलेलं उथळ पाणी, गेल्या वर्षी जानेवारीत तू पाहिलंस ते. तिथे मासेमारी बंद आहे.
२. जाळ्याला बांधलेल्या शिशाच्या वजनांनी आम्ही लावलेल्या प्रवाळाची एक रांग उलटली.
३. जाळं सावळाराम तांडेलांचं होतं. त्या दिवशी पहाराही त्यांचाच होता.
४. बुधवारी त्यांनी देवळासमोर सगळ्यांना हे स्वतःच सांगितलं.
५. रविवारी, २६ तारखेला, गावबैठक आहे. सावळारामांच्या वाडीकडून पहारा काढून घ्यावा असं बरेच जण म्हणतात. तो काढला, तर ती वाडी घळ उघडण्याच्या बाजूने जाईल, आणि घळ उघडेल.

फोन केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि बाबा शेजारीच बसलेले असतात. हे आधी तू एकटीने वाचावंस असं मला वाटतं. माझी सहकारी भानुमती उद्या तिकडे निघते आहे, तिच्या हाती पत्र देते.

घळ बंद का केली, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारलंही नव्हतंस. मी घरून इकडे निघताना एवढंच म्हणालीस, "इथं प्यायला पाणी नाय, अन् तू चाललीस खारं पाणी मोजायला." प्रवाळ हा जिवंत जीव आहे. तो स्वतःभोवती दगड रचत वाढतो आणि त्याच्या फटींत माशांची पिल्लं लपतात. बाहेरच्या मोठ्या बोटींनी रात्री तळ खरवडून नेला, पर्यटकांच्या होड्यांनी नांगर टाकून उरलेलं मोडलं. मी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा मला आपल्या पडेगावच्या मागची टेकडी आठवली, प्लॉट पाडायला जेसीबीने सपाट केलेली. आम्ही मोडलेल्या प्रवाळाचे जिवंत तुकडे गोळा करून सिमेंटच्या लाद्यांवर बांधू लागलो. बांधायचं काम इथल्या बायकांनी घेतलं. जाळी विणणारी बोटं आहेत. भागिर्थीकाकी बोलता बोलता जी गाठ मारते, ती लाटेने सुटत नाही. माझी सुटते.

पण पहारा जमेना. आम्ही पगारी माणसं ठेवली, तर गावाला ते पोलीसच वाटले. सावळाराम सगळ्यांत जास्त भांडायचे, कारण त्यांच्या वाडीची लहान होडकी घळीतच मासे धरायची. भर बैठकीत ते मला म्हणाले, "आमचोच दर्यो, आणि आमकांच बंद? पोरी, तुझ्या गावाक दर्यो तरी आसा काय?" त्या बैठकीला तू मागे बसली होतीस. माझ्याऐवजी तूच उठलीस. "दर्याचं काय घेऊन बसलाव भाऊ? आमच्याकडं टँकरवरून डोकी फुटतात!" म्हणालीस, आणि भागिर्थीकाकी हसली.

मग तू आपल्या कॉलनीची रीत सांगितलीस. टँकर आला की ज्या घराचा नंबर त्या दिवशी सगळ्यात शेवटी, पाइप त्याच्या हाती. पुढच्या खेपेला क्रम बदलतो. शेवटचा माणूस थेंबभर सांडू देत नाही, कुणाला जास्त भरू देत नाही, कारण उरेल तेच त्याचं. "ज्याची चूल ह्या घळीवर हाय, राखण त्याच्याच हाती द्या," तू म्हणालीस. मी जल-व्यवस्थापनाचे दोन अभ्यासक्रम केलेत. तरी हे मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मला ते असं सांगता आलं नसतं. पहारा सावळारामांच्या वाडीकडे गेला. मासे वाढून घळ पुन्हा उघडेल तेव्हा पहिलं जाळं त्यांचं, हेही ठरलं.

त्यानंतर वाडीने एक दिवस चुकवला नाही. भर पावसात सावळाराम छत्री घेऊन खडकावर बसलेले मी पाहिलेत. बाहेरची बोट दिसली की ते अशा शिव्या द्यायचे की बोट आपोआप वळायची. या हिवाळ्यात माकुलांनी, त्या लांब सोंडांच्या मऊ समुद्रजीवांनी, लाद्यांखाली अंडी घातली, पांढऱ्या शेंगांच्या घोसासारखी. मी पाण्याखाली काढलेला फोटो सावळारामांना दाखवला. नंतर तोच फोटो त्यांनी घरात देवांच्या तसबिरींशेजारी लावलेला दिसला.

आणि याच माणसाने मंगळवारी जाळं टाकलं. मुलीच्या सासरची माणसं अचानक आली होती. बाहेरच्या पाण्यात काही मिळालं नव्हतं. "व्याही जेवूक बसलो आणि ताटात मासो नाय, तर मी तांडेल कसलो?" देवळासमोर ते एवढंच बोलले आणि जाळं पायरीवर ठेवून खाली मान घालून उभे राहिले. कुणी म्हणालं, चोराच्याच हाती किल्ली दिली होती. लादी पुन्हा बांधता येते. ही वाडी गेली तर मात्र माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

त्या क्षणी मला बाबा आठवले. गेल्या मेमध्ये मी सुट्टीवर होते, मला बघायला माणसं यायची होती. पाइप त्या दिवशी बाबांच्या हाती होता, आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी आपली टाकी भरून घेतली. तुला कळलं तेव्हा पाहुणे पोहे खात होते. तू पदर खोचलास, टाकीला नळी लावलीस आणि समोरच्या वच्छलाबाईंपासून एकेकाचे ड्रम भरून दिलेस. पाहुणे खिडकीतून बघत होते. ते स्थळ परत आलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी मला तुझा जितका अभिमान वाटला तितका आजवर कुणाचाच वाटलेला नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात आपला नंबर पुन्हा शेवटी आला, तेव्हा तू पाइप बाबांच्याच हाती दिलास. वच्छलाबाई भडकल्या, "अगं दीपमाला, ज्यानं पाणी चोरलं त्यालाच परत?" तू म्हणालीस, "तो एकदा लाजलाय. आता त्याच्याइतका नीट कुणीच धरायचा नाय."

ही गोष्ट कॉलनीबाहेर जाऊ द्यायची नाही, बाबांची मान खाली जाईल, असं तू सगळ्यांना बजावलं होतंस. मी कुणालाही सांगितलेली नाही. पण रविवारी बैठकीत मला तीच सांगायची आहे, बाबांच्या नावासकट, कारण नावाशिवाय सांगितली तर ती कुणाला खरी वाटणार नाही. त्यासाठी मला तुमच्या दोघांची परवानगी हवी आहे. पत्र वाचून झालं की बाबांना दे. ते नाही म्हणाले तर मी सांगणार नाही आणि त्यांना कारणही विचारणार नाही. हो म्हणाले, तर माझ्यापेक्षा तूच येऊन सांगितलेलं बरं, आणि बाबाही सोबत आले तर सावळारामांना त्यांच्याशेजारी बसता येईल. काहीही ठरवा, पण बुधवारपर्यंत, म्हणजे २२ तारखेपर्यंत, मला उत्तर कळव.

तुझीच,
अश्लेषा