रिकाम्या गल्लीचे फोटो

तीर्थरूप अण्णा,

तुमचं वर्षश्राद्धही अजून झालेलं नाही, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. इलाज नाही. गेल्या सोमवारी नगरपालिकेच्या कचेरीत तुमचे फोटो पाहिले, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आपल्या रंगारी गल्लीला नोटीस आलीय. रस्ता रुंद करायचा म्हणून आपली सगळी ओळ पाडणार. कारण काय, तर 'घरे पडीक, वापरात नाहीत'! शेजारच्या गंगूमावशीला घेऊन मी जाब विचारायला गेले. कारकुनानं फाइल उघडली. "हे बघा, चिटपाखरू तरी दिसतंय का?" फोटो उलटा केला, तर मागं आपल्या स्टुडिओचा शिक्का. शहराची शोभा म्हणून तुम्हीच कौतुकानं दिले होते ना त्यांना?

तो रविवार आठवतो? मी दहा वर्षांची होते. सकाळी सकाळी तुम्ही मला घरोघर पिटाळलंत, "अर्धा तास कुणी बाहेर येऊ नका म्हणावं." गंगूमावशीनं मागावर चढवण्याआधी खळ लावायला गल्लीभर उभ्या सुताचा ताणा पसरला होता, तोही काढायला लावलात. किती बडबडली होती ती! मी विचारलं, माणसं का नकोत? "माणसं हलतात, सुशे. फोटो बिघडतो." तुम्हाला कोरीव खांब हवे होते, तुळयांवरचे मोर हवे होते. फोटो सुंदरच आले, कोण नाही म्हणतंय! पण आपल्या खिडकीमागं मी श्वास धरून उभी होते, अण्णा. आज तेच घर रिकामं ठरलंय.

माणसांचे फोटोही तुम्ही काढलेत, पण स्टुडिओत, त्या पडद्यावर रंगवलेल्या तळ्यापुढं. जन्मभर हातमागावर बसलेली गंगूमावशी तिथं राजहंसाशेजारी उभी! तेव्हा मला हसू यायचं. आता राग येतो.

मंगळवारी तुमचा कॅमेरा स्टँडसकट गल्लीत आणला. मला तुम्ही फोटो धुवायला, वाळवायला शिकवलंत, कॅमेऱ्याला मात्र कधी हात लावू दिला नाहीत. बघून बघून शिकले. काका आडवे आले. "पोरीच्या जातीनं भर रस्त्यात काळ्या कापडात डोकं घालायचं? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले सांगू? गंगूमावशी ताणा पसरता पसरता ओरडली, "काढ गं सुशे! आमी हितंच हाय म्हनावं, कुटं बी गेलो न्हाई. लई बघितल्यात असल्या नोटिसा!"

मग घरामागून घर काढलं, दारावरच्या नंबरासकट. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या बायका फोटोत आल्या. दुष्काळानं कोरड्या पडलेल्या नळापुढची घागरींची रांग आली. कोपरापर्यंत निळे हात घेऊन रंगारी रहीमचाचा आला, आणि ऐन वेळी शिंकला. फोटोत त्याला दोन डोकी दिसतात. तसाच ठेवलाय.

फोटो घेऊन पुन्हा कचेरीत गेले, तर तिथल्या साहेबांनी नाक मुरडलं. "हललेत हे." मी म्हटलं, "माणसं आहेत साहेब, हलणारच!" ते फोटो परत न्यायला सांगत होते. पण फोटो फायलीत लावून घेतल्याशिवाय उठले नाही. आता गुरुवारी ते स्वतः पाहणीला येणार आहेत.

तुम्ही असतात तर माझ्या बाजूनं उभे राहिला असतात का? की आधी उजेड चुकलाय म्हणाला असतात? चुकलाच आहे. तेवढं शिकवून जायचं होतंत.

आता एकच फोटो राहिलाय, आपल्या घराचा. तो उद्या भर दुपारी काढणार. आई आणि मी उंबऱ्यात उभ्या राहणार, आणि कॅमेऱ्याची झडप उघडायचा रबरी फुगा गंगूमावशी दाबणार. तिचा हात थरथरतो, फोटो नक्की बिघडणार. तुम्हाला तो मुळीच आवडणार नाही, माहीत आहे मला. तरी गुरुवारी साहेब दारात आले की पहिला तोच त्यांच्या हातात देणार!

तुमचीच, आणि तुमचं न ऐकणारी,
सुशीला