मानेची मापं

४ जानेवारी

पोचलो एकदाचे! टेम्पो थांबतो न थांबतो तोच अर्धी गल्ली सामान उतरवायला धावली. शिलाई मशीन मी कुणाच्या हाती देत नाही, पण शेजारच्या सलूनवाल्याने ते झोपलेलं पोर उचलावं तसं अलगद उचललं आणि दुकानात नेऊन ठेवलं. आडवातिडवा माणूस, आवाज मात्र लोण्यासारखा. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. बटणानेही पाच मिनिटांत म्हणायला सुरुवात केली. बटण म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं सात.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. आधीचा शिंपी गाव सोडून गेला म्हणे. जाताना कात्रीही नेली नाही त्याने, याचं जरा नवल वाटलं. नवव्या वर्षी मी दुसऱ्याच्या दुकानात जमिनीवरच्या टाचण्या वेचायचो. आज दारावर स्वतःची पाटी. ही म्हणाली, आधी ती सरळ लावा, मग फुशारक्या मारा.

कान माझे पहिल्यापासून तिखट. कात्रीच्या आवाजावरून कापडात भेसळ किती ते सांगतो. भिंतीपलीकडे मामांचा वस्तरा चामड्यावर फिरतो, तोही स्वच्छ ऐकू येतो. छान संथ ताल आहे.

११ जानेवारी

गिऱ्हाईक भरपूर, आणि बोलायला गोड. एक गंमत म्हणजे जवळजवळ सगळ्यांचा एक खांदा उतरलेला. मास्तरीणबाईंचा तर चार बोटं. मी आतून गादी भरून खांदे सारखे करून देतो. बस ड्रायव्हरच्या कोटाला डावीकडे दोन गाद्या घातल्या, तेव्हा तो आरशात बघून अर्धवट हसला. खरंच अर्धवट, ओठाची एकच बाजू वर गेली. आवाजही बऱ्याच जणांचे बसलेले. कॉलर सगळ्यांना उंच आणि गळ्याशी बंद लागते. मामांना विचारलं तर म्हणाले, ओझी वाहणारं गाव आहे हो, शिंपीदादा. तुम्हाला खांद्याला नाही, पोटाला गादी चढेल इथे.

ती चढतेच आहे. शेजारणी रोज काहीबाही आणून देतात. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण आताच लागेना. ही म्हणते, सुटलात.

ज्यांच्याकडे टाचण्या वेचल्या त्या उस्तादांची शिकवण मात्र सोडलेली नाही: टेप खाली ठेवायच्या आधी आकडा वहीत. चाळीस वर्षांत एक माप खोटं लिहिलेलं नाही.

१ फेब्रुवारी

इथली एक रीत आज कळली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अख्खं गाव शिंप्याकडून मान मोजून घेतं. तान्ह्या बाळापासून आजीबाईंपर्यंत. मापवही दुकानाची नाही, गावाची. ती काउंटरवर उघडीच ठेवायची, कुणीही चाळावी. जुन्या पानांवर काही आकड्यांभोवती लाल गोल आहेत. मला वाटलं, ज्यांना नवी कॉलर हवी ते असतील.

रांगेत थट्टामस्करी चालली होती, पण टेप मानेला लागला की जो तो श्वास धरायचा. नळवाल्याची मान पंधरावरून पावणेसोळा. मी मोठ्याने आकडा सांगितला आणि वर म्हणालो, लग्न मानवलेलं दिसतंय! कुणी हसलं नाही. त्याच्या बायकोने त्याचा हात धरला. धरला कसला, पकडला. मामांनी ॲप्रन झटकला आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

दुपारी भिंतीतून खुर्चीच्या पट्ट्याचा खटका ऐकू आला. खट्, खट्, खट्. तीन दातांवर थांबला, पट्टा जितका आवळावा तितके दात. मग तोंडात बोळा कोंबलेल्या माणसाचं ओरडणं. मग कापणं. जन्मभर कापतोय मी, पण ते कापड नव्हतं. मामा लाडाने बोलत होते, झालं रे राजा, एवढी एकच राहिली. पत्र्याच्या घमेल्यात काहीतरी ओलं पडलं. पुन्हा पडलं. मी मोजत गेलो. अकरा.

१२ फेब्रुवारी

नळवाला आला होता. उजवा खांदा खाली. कानामागून गळ्यापर्यंत टाके, शिकाऊ पोराने गोणपाटाला घालावेत तसे. घोगऱ्या आवाजात म्हणाला, दादा, आता मला पण गादी घाला.

इतके दिवस गळू फोडलं असेल अशी समजूत घातली होती; आता मामांकडे गेलो. त्यांनी काही लपवलं नाही, उलट चहा दिला. तीस वर्षांपूर्वी गावात मुलांचे गळे सुजले. डॉक्टर म्हणाले, थांबा, बघू. महिन्याभरात एकोणीस पोरं गेली, त्यांतली दोन मामांची. तेव्हापासून मान वाढली की त्याच दिवशी गाठी काढायच्या. तीस वर्षांत कुणी गेलं नाही, आणखी काय पुरावा हवा तुम्हाला, म्हणाले. आधीच्या शिंप्याचं विचारलं. तो दोन महिने स्वतःचं माप खोटं लिहीत होता. स्थिर बसला नाही हो तो, म्हणाले मामा, आणि डोळे पुसले. खरोखर पुसले.

ही म्हणते, आजच्या आज निघू. मी म्हटलं, हातातले चार कोट देतो आणि निघू. अर्धवट काम टाकून मी कधी गेलो नाही.

१९ फेब्रुवारी

बटणाला ताप. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, सुपारीएवढ्या. दाबलं तरी दुखत नाही म्हणते. हिने तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळलाय. शाळेत कळवलं, सर्दी झालीय.

२४ फेब्रुवारी

कापडवाल्याच्या टेम्पोतून तिला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. आज निकाल. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. दुखणं दुर्मीळ आहे, लहानांना होतं तसं मोठ्यांनाही. गाठी सुजतात, ताप येतो, दिसायला भयंकर दिसतं. पण हा कॅन्सर नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि बहुतेकांचं आपोआप बसतं. फक्त धीर धरा, पुन्हा दाखवायला या.

मी गावाचं सांगितलं. म्हणाल्या, ती एकोणीस मुलं दुसऱ्याच रोगाने गेली असणार, त्यावर आता लस आहे. आणि मानेत अडाणी हात चालला की नस तुटते. खांदा उतरतो, ओठ वाकडा होतो, आवाज बसतो.

म्हणजे अख्खं गाव. आणि नळवाल्याला गाठ होती तरी का? की माझ्यासारखाच सुटला होता तो?

त्यांनी सगळं पत्रात लिहून दिलंय. ते माझ्या खिशात आहे. कोट गेले खड्ड्यात. पुढची बस परवा चारची, तिने निघायचं.

२५ फेब्रुवारी

बटणाला सैल गळ्याचा फ्रॉक शिवला, गाठींना काचू नये म्हणून. किती दिवसांनी हसली! माप घेताना हनुवटी आपणहून वर करते. शिंप्याची पोर.

२६ फेब्रुवारी, सकाळ

काय केलं मी हे.

मापवही काउंटरवर उघडी. काल टेप हातात होता आणि — हाताने लिहून टाकलं. माझ्याच अक्षरात. बटण, साडेदहा होती, आता साडेबारा.

त्याभोवती लाल गोल आहे.

शाई ओली आहे अजून.

२६ फेब्रुवारी, चार वाजता

दोघींना मागच्या दाराने धाडलं. बटणाला म्हटलं, पळायची शर्यत लाव आईशी. मी इथेच थांबतो. दुकान बंद दिसलं तर मामांना लगेच कळेल. मला बोलण्यात गुंतवायचंय त्यांना. बस गावाबाहेरच्या लोखंडी पुलावर चढली की पुलाचे पत्रे वाजतात, इथवर ऐकू येतं. तेवढं ऐकलं की झालं —

मामा. नळवाला. मास्तरीणबाई. दारात आहेत.

साडेचार असतील

दोन्ही दारं बाहेरून लावलीत त्यांनी. उजवा हात चालतोय, लिहितो. लिहिताना कमी ऐकू येतं.

पत्र वाचून दाखवलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, आमच्या पोरांच्या वेळीही असंच पत्र होतं.

मग नळवाल्याने मला टेबलावर पाडलं. मी कात्री मिटली. त्याची दोन बोटं खडूशेजारी पडली. तो ओरडला नाही, तेवढा आवाजच नाही उरलेला त्याला. मास्तरीणबाईंनी गरम इस्त्री उचलून माझ्या डाव्या हातावर — दाबून धरली. मोजत होत्या. वर्गात मोजतात तशा.

मग माझाच टेप माझ्या गळ्यात. साडेपंधरा होता, सव्वासोळा भरला. मी बोंबललो, अहो सुटलोय मी, तुमच्याच घरचं खाऊन! मामा म्हणाले, सगळे हेच म्हणतात, दादा. तुमचंही करू. आधी लहानांचं.

मी त्यांच्या तोंडावर हसलो. म्हटलं, जा शोधा. ती गेली.

मामा टेप गुंडाळत राहिले.

पूल वाजला नाही.

का वाजला नाही अजून —

ड्रायव्हर. डावा खांदा. दोन गाद्या. मीच घातल्या. मीच —

बस थांबली. इथे, दारासमोर. हिचा आवाज. लाकडावर काहीतरी आपटलं. हिचा आवाज नाही आता.

दार तोडायला मशीन उचललं, एका हाताने पेलेना —

सलूनचं दार. छोटे पाय.

खट्. खट्. खट्.

मोठ्या माणसाला तीनच लागतात.

चार. पाच. सहा — देवा, सात —

मामा लाडाने काहीतरी विचारतायत. ती घाबरलेलीच नाही. तिला वाटतंय — ती म्हणतेय, माप घ्यायचंय ना मामा, मला येतं, ही बघा हनुवटी वर —