ओढ्यापलीकडचा गट

ती. लक्ष्मीआत्यास बसवेशचा शरणार्थ.

तहसीलच्या भिंतीवर शिपायानं नकाशा चिकटवून खळीचा शेवटचा हात फिरवला, त्या क्षणी माझं सगळं आयुष्य ओढ्याच्या पलीकडं राहिलं. (आधी खुशाली विचारायला पाहिजे होती. तुमचे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला?)

तर नकाशा. जनगणना झाली की जिल्हा परिषदेचे गट नव्यानं पाडतात. प्रत्येक गटात माणसं साधारण सारखी बसली पाहिजेत. जास्त झाली की कडेचं गाव उचलून शेजारच्या गटात टाकायचं. ते कडेचं गाव आमची हिंगणवाडी निघालं. आणि मतदार न्हाय, माणसं मोजतात, म्हणजे वहिनीची दुपट्यातली जुळीसुद्धा! आठवडाभर मी त्या दोघांशी बोललो न्हाय. (आता बोलतो. त्यांचा काय दोष?)

ओढ्यापलीकडचं बोरगव्हाण जुन्याच गटात राहिलं. तिथले कल्याणप्पा निवडणुकीला उभे राहणार, आणि मी त्यांचा वाडीतला माणूस. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन वाडीची खबर द्यायची, हे माझं काम. त्यांची राजनंदिनी चहा आणायची आन् विचारायची, "आज कोण फुटलं?" मी एकेक घर सावकाश सांगायचो. चहा मुद्दाम गार होऊ द्यायचो, म्हणजे ती परत गरम करून आणायची. आता आमची मतंच त्यांच्या कामाची न्हायत, तर कुठल्या तोंडानं ओसरी चढू? रोज ओढ्याच्या काठावर बसतो. त्यांच्या गच्चीवर निळी ओढणी वाळत असते. वारा सुटला की आमच्या गटाकडं झेपावते, पण चिमटा सोडत न्हाय.

डोकं फिरलं आन् हरकत लिहून दिली : दोन्ही गावांचं रोजचं दळणवळण आहे, ती तोडू नयेत. धाराशिवला सुनावणी झाली. साहेबांनी विचारलं, "ओढ्यावर पूल न्हाय. रोज जातं कोण?"

"मी जातो."

"कशाला?"

पुढच्या खुर्चीतले कल्याणप्पा वळून बघायला लागले.

"चहाला," मी म्हणालो.

सगळा हॉल हसला. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, की माणसं मोजता तर ती कुणाकडं जातात हेसुद्धा मोजा! शिपायानं दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर लिंबाखाली वडिलांची वाट बघत ती उभी. तिला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाली, "हरकत चार पानं लिहिता येती, आन् परीक्षेचा पेपर लिहायला हात दुखतो व्हय?" आणि स्कुटीच्या आरशात बघून ओढणी सारखी करत बसली. आत्या, ती हसत नव्हती.

तुमचा,
बसवेश

ता. क. : सरांशी भांडून कॉलेज सोडलं, त्यात चूक सरांचीच होती, हे माझं मत कायम आहे.

ता. क. दुसरा : भूमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला घेतात का, आतोबांना विचारा. राहायला तुमची माडी चालेल. परीक्षा झाली की तुम्हीच बोरगव्हाणला जाऊन शब्द टाकायचा.

ता. क. तिसरा : हे पत्र पोस्टात टाकत न्हाय. मीच आणून देणार, कारण तोंडानं सांगायला धीर होणार न्हाय. तुम्ही वाचत असाल तेव्हा मी अंगणात उभा असेन. वाचून झालं की हाक मारा. आता भूमची एसटी गाठायची आहे. पिशवी खांद्याला लावली. दार ओढून घेतो.