उरलेला अर्धा फेरा

खारदांडा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

लाडक्या दादूस,

आई एकवीरेच्या कृपेने इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण बाजारात कुणी भाव पाडून मागितला की त्याला झापताना तिला कसलंच दुखणं आठवत नाही. बाबा अंगणात जाळी दुरुस्त करतात. तुला बोटीवर जेवणखाण नीट मिळतं ना?

कागदावरचं पत्र बघून हसशील. पण फोनवर तू "बरं आहे ना? चल, ठेवतो" याच्या पुढे जातच नाहीस. मी व्हॉट्सअॅपवर तीनदा बोलून रेकॉर्ड केलं आणि तीनदा पुसलं. शेजारच्या दर्शनाचा नवरा मंगळवारी तिकडे तुझ्या मस्कतलाच निघालाय, त्याच्याकडे हे देते. सोबत सुके बोंबील आहेत, एकट्याने खा.

आधी झकास बातमी. तुझी बहीण आता पिकअपची मालकीण आहे! ड्रायव्हरही मीच. धक्क्यावरून अकरा जणींचा मावरा, पापलेटापासून बोंबलापर्यंत, बर्फासकट भरते आणि अंधेरी, मालाड, बोरिवलीच्या बाजारात उतरवते. आधी ज्याच्या टेम्पोवर आम्ही अवलंबून होतो, तो मनात येईल तेव्हा दांडी मारायचा आणि वर "बर्फ कमी भरा, सीट ओली होते" म्हणून आईवर डाफरायचा. आता तोच मला नाक्यावर "ताई, आधी तुम्ही" म्हणतो. मागच्या फळीवर आपल्या बोटीचंच नाव, "सगुणा", लिहिलंय. अक्षरंही तिच्यावर होती तशीच, बाबांनी स्वतः रंगवली.

फक्त एक रड होती. माल भरला की गाडी पुलावर चढताना धापा टाकायची. शेवटची बोरिवली, तिथे पोचायला उशीर, गिऱ्हाईक निघून गेलेलं, बायका हवालदिल. कुणीतरी म्हणालं, इंजिन ट्यून करून घे. आताच्या गाड्यांत किती डिझेल जाळायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, त्याची फाइल बदलली की ताकद वाढते. जोगेश्वरीला देवव्रत म्हणून एक पोरगा हे काम करतो, इंजिनियर आहे. बाबांना घेऊन गेले. दादूस, तो आपल्या गॅरेजवाल्यांसारखा काळा-तेलकट नाही रे, लॅपटॉप घेऊन बसतो!

त्याने गाडीला वायर जोडली, स्क्रीन बघितला आणि डोक्याला हात लावला. "ताई, तुमची गाडी निम्मा वेळ उभ्या उभ्याच चालू असते!"

मी म्हटलं, मग? धक्क्यावर माल भरायला दीड तास जातो, तेवढा वेळ चालूच ठेवते. आपण काय बंद करणार! लहानपणापासून बाबांचं ऐकलंय, "दर्यान इंजन बंद कराचा नाय." पुन्हा सुरू झालं नाही तर कोण येणार वाचवायला? बाबांनीही मान डोलावली. देवव्रत म्हणाला, "काका, हा दर्या नाही. इथे बंद पडली तर ढकलता येते." अशी उभ्याने चालून धुराचा फिल्टर काजळीने गच्च झाला होता. बघ, गाडीचा दोष नव्हताच, आपल्या कोळीपणाचा होता.

फिल्टर साफ केल्यावर निम्मा फरक तिथेच पडला. मग त्याने तीन फाइली दाखवल्या. फुल्ल पॉवरवाली, जी सगळी पोरं घेतात, पण तिच्यासाठी फिल्टर काढूनच टाकावा लागतो. मधली. आणि तिसरी सगळ्यात साधी, वेग वाढत नाही, फक्त भरलेली गाडी कमी वेगात जोर लावते. मी सरळ विचारलं, वजन लादून रोज चाललं तर क्लच नि टर्बोला काय सोसेल? तो म्हणाला, आजवर एकाही गिऱ्हाइकाने हे आधी विचारलं नाही. मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू! तिसरी घेतली. फिल्टर जागेवर. तरी तो म्हणाला, "ताई, थोडं अजून वाढवतो, कळणारपण नाही."

मी ओरडलेच. "नको! आणखी अर्धा फेरापण नको!"

तो गोंधळला. "ताई, फेरा वगैरे नसतो, सॉफ्टवेअर आहे हे." आणि मला तिथे, त्या पोरासमोर, रडू फुटलं. बाबांना वाटलं, डोळ्यात धूर गेला.

दादूस, आता ते लिहिते, ज्यासाठी हा कागद घेतला.

बारा वर्षांपूर्वी मासळीच्या लिलावाला आपली बोट पहिली यावी म्हणून तू पंपाचं सील तोडून जास्त डिझेल सोडणारा स्क्रू फिरवलास. मी शेजारी उभी होते. तू म्हणालास, "कल्पे, अर्धा फेरा बस. जास्त नाही." आणि पाना माझ्या हातात देऊन हात धुवायला गेलास. मी सतरा वर्षांची, अक्कल शून्य. वाटलं, अर्ध्याने पहिली येणार असेल तर पुऱ्याने केवढी पुढे जाईल! उरलेला अर्धा फेरा मी फिरवला.

पुढचं तुला माहीत आहे. भर दर्यात इंजिन तापून जाम झालं, बाबांचा हात वाफेने भाजला, दोन दिवसांनी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. सगळ्या दांड्यासमोर बाबा तुला म्हणाले, "तू माझा पोर नाय." तू मान खाली घालून उभा होतास आणि मी दाराआड. अर्ध्या फेऱ्यात इंजिन कसं गेलं, हे कोडं तुला रोज छळत असेल. मला तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. नाही उघडलं. बोट विकली, तू गेलास, मी गप्प. भ्याले रे, दुसरं काही नाही.

जोगेश्वरीहून निघालो ते बर्फ लादून, आरेच्या रस्त्याने, चढावर गाडी बघायला. काय चढली, दादूस! बाबांनी भाजलेला हात डॅशबोर्डवर ठेवला, तसा ते बोटीत इंजिनावर ठेवायचे. म्हणाले, "मस्त वाजतंय. तू बरोबर निवडलंस." ती शाबासकी मला गिळवेना. गाडी झाडाखाली घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि सगळं सांगितलं.

ते एवढंच बोलले, "मना सांगाला बारा वर्सा लागली?" चार दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. आईनेही मध्ये तोंड घातलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मी बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, पाचव्या दिवशी ट्यून केलेल्या गाडीची पूजा आहे. अकराजणी हार, हळदकुंकू घेऊन जमल्या. मी नारळ उचलला तर बाबांनी माझ्या हातातून काढून घेतला. सगळ्या दांड्यासमोर, त्या वेळेसारख्याच खड्या आवाजात, तुझं नाव घेऊन म्हणाले, "नारल माझा पोर इपुल फोरील. तवर गारीला हार घालाचा नाय." आणि मागे वळून डोळे पुसले.

बोरिवलीला मी आता सगळ्यांच्या आधी पोचते. गाडी बिनहाराची, पण ताठ मानेने चालते. नारळ डॅशबोर्डवर ठेवलाय, अजून हलवला की पाणी वाजतं. ते आटायच्या आत ये. माफ करायचं की नाही, ते इथे येऊन ठरव. दोन कानाखाली मारायच्या असतील तर त्याही समोरच मार, मी दाराआड लपणार नाही.

स्वतःचा अर्धा फेरा बारा वर्षं तुझ्या नावावर ठेवून गप्प बसलेली
तुझीच,
कल्पिता