गडग्यातली वाट उघडी ठेवण्याबाबत

लिहून ठेवणार बाळाजी अंबाजी शिगवण, वय वर्षे अठ्ठावन्न, पूर्वी मुंबईत कापडगिरणीच्या साचेखात्यात मागावर नोकर, हल्ली सुपारीची वाडी करतो, राहणार श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा. मला दम्याचा त्रास आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी पढवलेले नाही. रात्रशाळेत कमावलेल्या अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खालील मिळकत माझी स्वकष्टार्जित असून माझ्या पश्चात तिची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. राहते घर व त्यालगतची चाळीस झाडांची वाडी माझी सून अंबिका हिच्या नावे करावी. माझा एकुलता मुलगा चंदर याला तेथे हयातभर राहण्याचा हक्क आहे, विकण्याचा नाही. म्हाताऱ्याने पोटच्या पोराला डावलले असे लोक म्हणतील. म्हणू देत. कारण तिसऱ्या कलमात आहे.

कलम दुसरे. माझी कैलासवासी पत्नी रंगू हिचा तांब्याचा हंडा व अडकित्ता चंदरची मुलगी गोदू, वय चार, हिला द्यावा. मी शिमग्याच्या सुट्टीला बोटीने यायचो तेव्हा रंगू चंदरला घेऊन बंदरावर उभी असायची. पोरगा माझ्या ट्रंकेची एक कडी धरून घरापर्यंत चालायचा, सगळे ओझे जणू त्यानेच उचलले आहे अशा थाटात. ते दिवस मला फार आठवतात. कोयते, पावडे चंदरला. माझी छत्री चुलतभाऊ सदूकडे नऊ पावसाळे आहे. ती त्याने ठेवून घ्यावी, फक्त माझ्या दहाव्याला घेऊन मिरवू नये.

कलम तिसरे. सन १९४९ साली रंगू तापाने गेली आणि त्याच साली माझी नोकरी गेली. घरात आठ वर्षांचा चंदर आणि मी. मला धड चूल पेटवता येत नव्हती. पोराशी बोलायचे काय तेही कळत नव्हते, कारण तोवर मी वर्षाकाठी पंधरा दिवसांचा बाप होतो. माझे वडील मला बैलाच्या काठीने मारत. बाप असाच असतो, अशी माझी समजूत. मी चंदरला मारू लागलो. भात करपला म्हणून, रडला म्हणून, पुढे पुढे कशाहीसाठी. ही कारणे सांगतो आहे, सबबी नव्हेत.

शेजारची ठमाबाई आमच्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याच्या खिंडीतून धावत यायची आणि त्याला उचलून न्यायची. बाकी आळी दारे लावून घ्यायची, बापलेकाच्या मध्ये कोण पडणार म्हणून. एकदा तिने माझा हातच धरला.

"पोर तुझ्या एकट्याचं न्हाय, बाळाजी. रंगू माझ्या बी भरवशावर ठेवून गेलीय."

मला तो अपमान वाटला. त्याच दुपारी मी दगड रचून ती वाट बुजवली. मग माझा हात आवरायला कोणी उरले नाही. महिन्याच्या आत चंदरचे डावे कोपर माझ्या हातून मोडले. ते आजही सरळ होत नाही. झाडावरून पडला, असे मी सांगितले आणि गावाने ते मानून घेतले.

आता चंदरचे लाँचवरचे काम सुटले आहे. अंबिकेचे माहेर लांब, रेवसकडे. आणि चंदर म्हणतो, गावाबाहेर शेतात झोपडे बांधून राहू. मागल्या महिन्यात त्याने खुंटीवरची टोपी काढायला हात वर केला, तर गोदू दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीशी बसली. चंदरही लहानपणी असाच बसायचा. मला त्या पोरीसाठी भीती वाटते.

म्हणून माझी अट अशी की, या कुटुंबाने याच घरात राहावे. गडग्याचे दगड मी गेल्या आठवड्यात स्वतः काढले. दम लागून चारदा बसलो. ठमाबाईला, व तिच्यामागे तिच्या घरच्यांना, त्या वाटेने केव्हाही, न विचारता माझ्या घरात येण्याचा कायमचा हक्क देतो. ती वाट कोणी बुजवल्यास चंदरचा राहण्याचा हक्क संपेल. ठमाबाईला हे वाचून दाखवले, तर ती म्हणाली की कागद सरकारला दाखव, मी तेव्हा तरी कुठे विचारून येत होते.

कलम चौथे. काल हा कागद मी चंदरला समोर बसवून वाचून दाखवला. तो भांडेल असे मला वाटले होते. तो बराच वेळ कोपर चोळत राहिला.

"बाबा, इतकी वर्सं मला वाटायचं, माझंच कायतरी चुकत व्हतं."

त्याचे काहीही चुकत नव्हते. चुकलो तो मी. हे मी पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांदेखत लिहून देतो. चंदर, गोदूला असे कधी वाटू देऊ नकोस.

ठिकाण श्रीवर्धन, तारीख ४ फेब्रुवारी १९६४.

सही: बाळाजी अंबाजी शिगवण

साक्षीदार:
१. शिवदास गणू तांबडे
२. धर्माजी लक्ष्मण पवार

चंदरची सही कायद्याने लागत नाही. ती त्याने स्वतः मागून घेऊन केली.

ऐकले व कबूल: चंदर बाळाजी शिगवण